रित्या हातांची यादी

त्या सकाळी यादीत सगळ्यांत वर ही ओळ होती: डाव्या कानाने ऐकू न येणारी बाई. सूचीकाराने ती वाचली आणि हातातला कप खाली न ठेवता तो तसाच उभा राहिला. दचकावं असं खरं तर तिच्यात काही नव्हतं. यादीत रोज काय वाट्टेल ते येई. ग्रंथालयाच्या ध्वनिफिती आणि चित्रफितींच्या संग्रहात लोक आदल्या दिवशी जे शोधून गेले आणि ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही, त्यांचे शब्द संगणक गोळा करी आणि सकाळी त्याच्यापुढे मांडून ठेवी. कोण शोधत होतं ते नाही, नुसतं काय ते. वाचकाचं नाव विचारायचं नाही, हा त्या इमारतीचा जुना नेम. कुणी ‘आजोबांच्या वेळचा वारा’ शोधून गेलेलं असे, कुणी ‘हसता हसता रडणारा माणूस’, कुणी नुसतंच ‘ते गाणं’. कचेरीच्या कागदांत या यादीला निष्फळ शोधांचा अहवाल म्हणत. सूचीकार तिला रित्या हातांची यादी म्हणे. दारात आलेलं माणूस रित्या हातांनी परत गेलं की त्याला चैन पडत नसे. मग दिवसभर बसून तो वाटा बांधी. ‘आजोबांच्या वेळचा वारा’ म्हणणाऱ्याला ‘हवामान: जुनी ध्वनिमुद्रणं’ या कप्प्याशी नेऊन सोडणारी वाट. दुसऱ्या दिवशी तेच माणूस तेच वेडेवाकडे शब्द घेऊन परत आलं, तर त्याला दार उघडं मिळे. शेजारच्या खोलीत जुन्या फिती धुऊनपुसून वाजत्या करणारी तंत्रज्ञ मुलगी होती, तिला सगळे टेपताई म्हणत. ती त्याला म्हणायची, “काका, तुम्ही देव असतात ना, तर माणसाने हात जोडायच्या आधीच पावला असतात. धंदा बसला असता देवाचा.” त्यावर तो हसायचा आणि मनातून सुखावायचा.

हे वेड त्याने वडिलांकडून घेतलं होतं. वडील संध्याकाळी गाऊन निरूपण करायचे. समोर माणसं चार असोत की चारशे, गळा तोच आणि घामही तोच. विषय कुठलाही धरला तरी फिरून फिरून ते एका धाग्यावर येत: हाक मारणाऱ्याला खरं नाव ठाऊक नसतं, आणि नसलं तरी काही बिघडत नाही, ज्याला हाक मारली त्याला ती बरोबर कळते. आई म्हणा, सावली म्हणा, अरे तू म्हणा, नुसता हुंदका दिलात तरी तो म्हणतो, आलो. इथे वडील थांबत आणि ‘आलो’ हा शब्द असा काही लावत की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपल्या पाठीमागे पावलं वाजल्यासारखं होई. लहानपणी एकदा लपाछपीत तो कपड्यांच्या कपाटात जाऊन बसला. इतका छान लपला की खेळ मोडला, मुलं आपापल्या घरी जेवायला गेली, दिवे लागले आणि त्याला शोधायला कुणी येईना. लोकरीचे कपडे, डांबरगोळ्यांचा वास आणि फटीतून येणारी उजेडाची बारीक रेघ. आता आपण कायमचे इथलेच, असं वाटून त्याला बाहेर यायचंही सुचेना. मग वडील खोल्याखोल्यांतून त्याची लाडकी नावं एकेक करून गात फिरले, आणि कुठल्याशा नावाला तो हमसाहमशी रडत बाहेर पडला. कुणालाच न सापडणं याहून भयंकर जगात दुसरं काही नाही, हे तो त्या कपाटात शिकला, आणि पुढे ते कधी तपासून पाहिलं नाही.

डाव्या कानाने ऐकू न येणारी बाई. खुर्चीत बसता बसताच त्याला आठवलं. आहे, आपल्याकडे आहे. घर सोडून निघालेल्या बायकांच्या मुलाखतींचा एक संग्रह होता. एका मुलाखतकार बाईंनी वर्षानुवर्षं हिंडून तो जमवला होता आणि ग्रंथालयाच्या स्वाधीन करताना अट घातली होती: कुणाचं नाव नाही, गावाचं नाही, वस्तीचंही नाही. प्रत्येकीला नुसता क्रमांक. त्यांतल्या सातव्या आवाजाबरोबर ध्वनिमुद्रण करणाऱ्याची एक चिठ्ठी होती, मायक्रोफोन उजवीकडे ठेवला, बाईंना डावीकडून ऐकू येत नाही. ती चिठ्ठी आजवर कामाचा कागद म्हणून पाकिटात पडून होती. सूचीकाराने ती काढली, ‘श्रवणदोष’ हा शब्द नोंदीत घातला, आणि डावा, कान, बहिरेपण अशा दहा दिशांनी येणाऱ्या वाटा त्या एका आवाजाशी आणून जोडल्या. सातव्या आवाजाची नोंद मुळात त्यानेच केली होती. तशी ती त्याच्या अभिमानाची होती. फितीत काय बोललंय ते सगळेच लिहितात, बोलण्याच्या मागे काय वाजतंय तेही लिहावं, म्हणजे उद्या कुणाला जुन्या शहराचा आवाज हवा असेल तर तो सापडेल, ही त्याचीच कल्पना. त्यासाठी हेडफोन लावून, दोन खुंट्या फिरवून तो माणसाचा आवाज दाबत दाबत तळाशी न्यायचा आणि तळातले आवाज वर काढायचा. मग बोलणारी बाई पलीकडच्या खोलीत पुटपुटल्यासारखी दूर जायची आणि कान भरून यायचे ते भांड्याने, पाखराने, दाराच्या बिजागरीने. सातव्या आवाजामागे त्याने लिहिलं होतं: शिवणयंत्र, लोखंडी जिना, नळाखाली भरणारी बादली, लांबून भोंगा. ती बाई काय सांगत होती हे मात्र, आता आठवू गेलं तर, त्याला धड आठवेना.

त्या रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, “आज एकाची गाठ घालून दिली.” बायको शाळेत गणित शिकवायची, तिचा अशा गोष्टींवर चटकन विश्वास बसत नसे. “कोणाची कोणाशी?” तिने विचारलं. ते आपल्याला ठाऊक नसतं, असं त्याने सांगितलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे एक म्हातारी आई आली होती, खिडकीत बसलेली, नातवाकडून संगणकावर शब्द टाईप करून घेणारी. मुलगी कधीची निघून गेलेली. तिचं नाव टाकून सापडत नाही म्हणून आई आता तिच्या अंगाची खूण टाकते. आईला मुलीचा कान ठाऊक असणारच. बायकोने ताटात भात वाढता वाढता विचारलं, “आणि आई नसली तर?” “मग बहीण असेल.” “घरात तुम्हाला स्वतःचा चष्मा सापडत नाही,” ती म्हणाली, “आणि जगातली हरवलेली माणसं शोधून देताय. शोधतंय कोण ते कधी विचारता का?” “वाचकाचं नाव विचारायचं नसतं गं.” “नाव नका विचारू. का शोधतोय ते विचारा.” तो हसला. गणितवाल्यांना उत्तराच्या आधी रीत लागते, असं काहीसं बोलून त्याने विषय टाळला. पण झोपताना त्याला एक बारीकशी चुटपुट लागून राहिली. अंथरुणात कुठेतरी खडा आहे, हाताने चाचपावा तर लागत नाही, कूस बदलली की पुन्हा टोचतो, तशी.

काही दिवसांनी यादीत आलं: दोनदा वाजणारा भोंगा दुसऱ्यांदा अर्ध्यात तुटतो. हे वाचताच त्याच्या कानांनी आधी ओळखलं आणि मग डोक्याने. अंगावर काटा आला, आणि तो काटा आनंदाचाच आहे असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसरा कोणीही सूचीकार या ओळीपुढे हात टेकून बसला असता. त्याच्याकडे मात्र शहराच्या आवाजांचा एक संग्रह होता. नोकरीतून मोकळ्या झालेल्या एका भूमापकाने गल्लीगल्लीत यंत्र घेऊन फिरून तो केला होता, आणि मोजमापाची सवय जात नाही म्हणून प्रत्येक आवाजाखाली कोपरा, खांब, घर यांच्या खुणा लिहून ठेवल्या होत्या. त्यात बर्फाच्या कारखान्याचा भोंगा होता. पहिला लांबलचक, आणि दुसऱ्याच्या वेळी दाब पुरत नसे म्हणून मध्येच घसा बसल्यासारखा तुटणारा. असा भोंगा आख्ख्या शहरात दुसरा नव्हता. त्याने वाट बांधली: भोंगा, दुहेरी, तुटका, पाहा बर्फाचा कारखाना. शेवटची कळ दाबायच्या आधी बोट हवेत थांबलं. सातव्या आवाजाच्या मागेही हाच भोंगा नव्हता का? खिडकीतल्या म्हातारीला भोंगा कशाला हवा? मग त्याला वाटलं, छे, हा दुसराच कुणी असेल, त्या कारखान्यात आयुष्य घालवलेला एखादा कामगार, कानात तो आवाज घेऊन म्हातारा झालेला. बिचारा. आणि त्याने कळ दाबली. दुपारभर त्याला खोलीतला उजेड जरा पिवळट वाटत राहिला. शेजारी टेपताई कुठलीशी फीत उलटी फिरवत होती, आणि उलटं बोलणाऱ्या माणसांचा तो घुसमटलेला आवाज भिंतीतून येत होता. “बंद कर गं ते,” तो म्हणाला. एरवी तो असं कधी बोलत नसे. टेपताईने दारातून डोकं काढून पाहिलं. “बरं नाही का काका?” ती म्हणाली. “तुमचा चेहरा धुवट फितीसारखा झालाय.”

आणि मग ती ओळ आली. यादी उघडायच्या आधीच त्याला ती असणार हे कळलं होतं, जिन्यावरच कळलं होतं: बर्फाचा कारखाना मागची गल्ली लोखंडी जिना शिवणयंत्र. बर्फाच्या कारखान्याचा कुणी कामगार शिवणयंत्र शोधत नाही. तिन्ही ओळी एकाच हाताच्या होत्या. तो हात घाई करत नव्हता. फीत ऐकत होता, पुन्हा ऐकत होता, आणि जिथे अडेल तिथे एक ओळ लिहून सूचीकाराच्या दारात ठेवून जात होता, दूधवाल्यासाठी बाटली ठेवावी तशी. सकाळी बाटली भरलेली असे. सूचीकाराने दार लावून घेतलं. सातवा आवाज यंत्रावर चढवला आणि दोन्ही खुंट्या उलट्या फिरवल्या. शिवणयंत्र तळाशी गेलं, बादली गेली, भोंगा गेला, आणि इतकी वर्षं पलीकडच्या खोलीत पुटपुटणारी ती बाई एकदम त्याच्या कानाशी येऊन बसली. आवाज साधा होता, भाजी निवडता निवडता बोलावं तसा. मुलाखतकार बाईंनी विचारलं होतं, कान कधीपासून? ती म्हणाली, “झालं बरंच. कोणाला सांगितलं नाही मी. आईलाही नाही. सांगितलं की विचारतात, कशाने गेला. आता तुम्हाला कळलं. एरवी दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि त्याच्या हाताला.” मग ती थोडी हसली. मग म्हणाली, “तो शोधतो मला. शोधण्यात फार हुशार आहे. रागावत नाही हो, शांतपणे शोधतो. म्हणून मी नाव सोडलं, गाव सोडलं, बोलण्याची ढब बदलली. इथे वर मला कोणी ओळखत नाही. इतकं बरं वाटतं. तुम्हाला हसू येईल, पण रात्री दाराला कडी घातली आणि आत मी एकटीच आहे असं कळलं, की मला आईच्या कुशीत असल्यासारखं वाटतं.”

हेडफोन काढले तरी ते वाक्य कानांत चिकटून राहिलं. सूचीकाराला कपाट आठवलं, आणि आता त्यातलं असं काही आठवलं जे त्याने कधी कुणाला, अगदी स्वतःलाही, सांगितलं नव्हतं. रडू यायच्या आधीचा वेळ. तो केवढा मोठा होता. बाहेरून मुलांच्या हाका येत होत्या, अगदी जवळून पावलं जात होती, आणि तो लोकरीत नाक खुपसून गप्प होता, आणि छातीत काहीतरी गोड गोड साचत होतं. मी आहे आणि कुणालाच ठाऊक नाही. ती गोडी त्याने पुढच्या रडण्याखाली पुरून टाकली होती, आणि वर आयुष्यभर वाटा बांधत सुटला होता. वडील म्हणायचे, कुठल्याही नावाने हाक मारा, तो येतो. येणारा आपल्या इच्छेने येतो, हे त्यांनी सांगितलं नाही. की सांगितलं होतं, आणि त्या वेळी आपलं लक्ष नुसत्या चालीकडे होतं? निमूट कामाला बसावं तसं बसून त्याने एकेक वाट उखडायला सुरुवात केली. बांधायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढ्यात सगळ्या उखडून झाल्या.

प्रमुख ग्रंथपालांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाल्या, “फीतही वाचकांना बंद करा. आत्ता. कागदपत्रं काय ती मी मागाहून करीन.” “नोंदीतलं काढलंय मी सगळं.” “चांगलं केलंत,” बाई म्हणाल्या, आणि टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ करत राहिल्या. “पण ज्याने वाचलंय त्याच्यातून कसं काढणार?” त्यांनीच मुलाखतकार बाईंना फोन लावून दिला. त्या दुसऱ्या शहरात होत्या. पलीकडे आधी एक दार लोटलं गेल्याचं त्याने ऐकलं. “ती तिथेच राहते अजून,” मुलाखतकार बाई म्हणाल्या. “फोन वापरत नाही. मी इथून पोलिसांना कळवते, पण त्यांना समजावून सांगेपर्यंत वेळ जाईल. तुम्ही जवळ आहात. तुम्ही जाता का?” “जातो. हाक कुठल्या नावाने मारू?” “नाव नाही सांगणार मी. शब्द दिलाय तिला.” त्यांचा आवाज कठोर झाला, आणि मग लगेच विरघळला. “राग मानू नका. पत्ताही सांगितला नसता. पण तुम्हाला तो सांगायची गरजच राहिली नाही, नाही का?”

राहिली नव्हती. संध्याकाळ व्हायच्या बेताला तो बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत शिरला आणि कानांनी चालू लागला. भिंतीतून गार ओल येत होती, नाल्यात भुसा तरंगत होता. पहिल्या घरात कुणी खिळे ठोकत होतं, दुसऱ्यात रेडिओ. मग दोन घरांमधल्या अरुंद बोळातून शिवणयंत्र ऐकू आलं, मधूनमधून एक टाका सुटणारं, अगदी तेच. डोळे मिटून आला असता तरी सापडलं असतं, इतकं सोपं होतं. लोखंडी जिन्यावर त्याने पहिलं पाऊल टाकलं. पायरी वाजली. वर शिवणयंत्र थांबलं. तो आपला हलकेच चढू गेला, पण हलकेच चढणाऱ्या माणसाचा आवाज तर आणखी वाईट, हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो मुद्दाम जोरात चढला, आणि तेही वाईटच होतं. दार दोन फळ्यांचं, रंग नवा. त्याने डाव्या फळीवर टिचकी मारली. “बाई,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मी ग्रंथालयातून आलोय. तुम्हाला इथून निघावं लागेल. चूक माझी आहे.” आत कुणीतरी श्वास धरून उभं होतं. श्वास धरलेली खोली कशी ऐकू येते हे त्याला फितींवरून पाठ होतं. मुलाला बोलवायला लाडकी नावं तरी असतात. त्याच्यापाशी एकही नव्हतं. त्याने कपाळ दाराला टेकलं आणि नुसता उभा राहिला. मनातल्या मनात तो देवाला म्हणत होता की बाबा रे, आज तू कुणाच्याही हाकेला येऊ नकोस, फक्त इथे थांब.

खाली जिना वाजला. पावलं एका लयीत होती, उतावीळ नव्हती. वळणावर एक गृहस्थ दिसू लागला, नीट भांग पाडलेला, बूट पुसलेले, वय त्याच्याच आगेमागे. सूचीकाराकडे पाहून तो ओळखीचं हसला. “तिकडून वाजवून उपयोग नाही,” तो म्हणाला. “तिला डाव्या बाजूचं ऐकू येत नाही.” आवाज अतिशय मऊ होता. सूचीत घालायचा असता तर सूचीकाराने लिहिलं असतं: पुरुष, मध्यम वय, समजूतदार.

“कोणाला?” सूचीकाराने विचारलं.

“आत आहे तिला.”

“आत कोणी नाही. इथे मी राहतो.”

गृहस्थाने मान डोलावली, जणू हे उत्तरही त्याने गृहीतच धरलं होतं. “असं का. खालून मला शिवणयंत्र ऐकू आलं.”

“मीच शिवतो.”

“मग बरंच झालं,” गृहस्थ म्हणाला. त्याने उजवा हात पुढे केला. पंजा रुंद होता, नखं स्वच्छ कापलेली, आणि मनगटापाशी बाहीची शिवण उसवली होती. “एवढा टाका घालून द्या. केव्हाचं राहिलंय.”

“आज नाही शिवत.”

“घाई नाही हो. तुम्ही आत जा, सुई आणा. मी बसतो इथे.” आणि तो खरंच बसला, वरून तिसऱ्या पायरीवर, आधी खिशातून रुमाल काढून अंथरून, पाठ कठड्याला टेकून, लग्नघरी पंगतीची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखा.

सूचीकाराच्या पाठीमागे, दाराच्या आतल्या अंगाला, लोखंड लाकडावरून अगदी सावकाश सरकलं. आयुष्यभर ज्यांच्या जिवावर जगला त्या कानांना तेवढंच कळलं. कडी लागतेय की निघतेय, ते कळलं नाही. त्याने पाय रोवले, दोन्ही तळवे मागे नेऊन फळ्यांवर पसरले, आणि अंगाचा सगळा भार दारावर टाकून तो त्या गृहस्थाच्या समोर उभा राहिला.